वडीत शेंगदाणा आपला, तेल कुणाचं?

मंडळी, आज खड्ड्यांवर लिहायचं नाही. पाण्याच्या पाळीवरही नाही. आज वडीवर लिहायचंय. शेंगदाणा-चॉकलेटच्या वडीवर. "ताईंचं काय बिघडलं?" असं म्हणाल, पण शेवटपर्यंत वाचा. माझ्या ओट्यावर सुरू झालेला हा विषय आमच्या रानात गेला आणि तिथून दिल्लीपर्यंत पोचला.

झालं असं. माझी धाकटी नववीत आहे. तिने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला: पीनट बटर आणि चॉकलेटची वडी, ओव्हन नको, भट्टी नको, फक्त फ्रीज पाहिजे. आपल्याकडे किती घरांत ओव्हन आहे? आमच्याकडे तरी नाही. म्हटलं कर बाई. तिने पीनट बटरची बरणी, मारी बिस्किटांचा पुडा, अमूल बटर, पिठीसाखर आणि चॉकलेटची लादी आणली. बिस्किटं लाटण्याने कुटली, बाकीचं त्यात कालवलं, ताटात थापलं, वरून वितळलेलं चॉकलेट ओतलं आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं. छत्तीस वड्या पडल्या. संध्याकाळपर्यंत अकरा राहिल्या.

त्या अकरा मी बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेले. बैठक होती दिवाळीच्या प्रदर्शनाची. दरवर्षी आम्ही चकली, शेव, चिवडा मांडतो आणि शेजारचे पाच गटही तेच मांडतात. वडी तोंडात टाकल्यावर सगळ्यांचं एकच: "ही मांडू या. दहा रुपयाला एक. पोरं उड्या मारतील." ठराव झाला. मी गटाची सचिव, म्हणून पाकिटावर काय छापायचं ते माझ्याकडे आलं.

पाकिटावर घटक लिहावे लागतात, ज्याचं वजन जास्त ते आधी, असं उतरत्या क्रमाने. शेंगदाणा असेल तर तेही स्पष्ट सांगावं लागतं, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते. म्हणून मी डस्टबिनमधून सगळी वेष्टनं परत काढली, चष्मा लावला आणि वाचायला बसले. आमच्या घरात एवढं बारीक अक्षर फक्त एलआयसीच्या कागदावर वाचतात.

पीनट बटरची बरणी: शेंगदाणे, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं, मग त्यात वरून तेल कशाला? तर बरणीत तेल वर तरंगू नये म्हणून. बिस्किटाचा पुडा: मैदा, साखर, पाम तेल. आणि चॉकलेटची लादी: साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती फॅट, कोको सॉलिड्स. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'डार्क' आणि त्याखाली लहान अक्षरांत 'कंपाउंड'.

म्हणजे मी ज्याला चॉकलेट म्हणून गटाच्या बायकांना खाऊ घातलं ते चॉकलेट नव्हतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही आधी माहीत नव्हतं. कोकोच्या बियांतून दोन गोष्टी निघतात. एक कोरडा भाग, त्याची कोको पावडर होते. दुसरं कोकोचं लोणी, कोको बटर. खऱ्या चॉकलेटमध्ये हे लोणी असतं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात चॉकलेटमध्ये दुसरं वनस्पती फॅट ५ टक्क्यांपर्यंत चालतं, पण ते वेष्टनावर सांगावं लागतं. कंपाउंडमध्ये कोकोचं लोणी काढून त्याच्या जागी स्वस्त फॅट घालतात, बहुतेक पामच्या घराण्यातलं. चव कोको पावडरीची, अंग दुसऱ्याचं.

ओळखायची खूण घरातच आहे. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उष्णतेपेक्षा जरा कमीच. म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवलं की पाणी होतं. कंपाउंड उशिरा वितळतं आणि टाळूला मेणासारखा थर धरतं. दुकानदाराला मात्र तेच सोयीचं, कारण आपल्या उन्हाळ्यात ते बरणीत टिकतं.

लगेच कुणी कमेंटमध्ये "विष आहे विष" लिहू नका. २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. कंपाउंड विकणं गुन्हा नाही. त्याला चॉकलेट म्हणून विकणं खोटं आहे, एवढंच मी म्हणते. आणि ते खोटं आता माझ्या सहीने छापलं जाणार होतं.

मग मी बाजारात खऱ्याचा भाव काढला. कंपाउंडची अर्ध्या किलोची लादी १७० रुपये. कोको बटरवालं तेवढंच ६५० रुपये. सप्टेंबरात चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी ही दरी तशीच. कारण कोकोच महागला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे पाऊस आणि झाडांवरचा रोग यांनी पीक गेलं, तेव्हा वर्षानुवर्षं टनाला अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास असणारा भाव २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेला होता.

हिशेब मांडला. पीनट बटर घरी केलं तरी छत्तीस वड्यांचा माल कंपाउंडने २७२ रुपयांचा, म्हणजे वडी साडेसात रुपयांना. खऱ्या चॉकलेटने ५६० रुपयांचा, वडी साडेपंधरा रुपयांना. वर गॅस, वीज आणि कागद दीड रुपया. दहा रुपयाला विकायचं ठरलं होतं. सांगा आता.

मी वही बंद केली आणि आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहा द्यायला गेले. ते ओसरीवर बसून धाकटीची उरलेली वडी खात होते. म्हणाले, "शेंगा कुणाच्या?"

म्हटलं, "बरणीतल्या, आबा."

"आपल्या रानात कधीकाळी पोत्यानं व्हायच्या. आता बरणीतल्या खायच्या."

आमच्या कराड-पाटण भागातल्या जुन्या माणसांना भुईमूग सांगायला नको. मी लग्न होऊन आले तेव्हा ऑक्टोबरात वेल उपटायचे दिवस म्हणजे लगबग. शेंगा तोडायला गल्लीतल्या बायका यायच्या, मजुरी शेंगांतच मिळायची. वाट्याच्या शेंगा ओटीत घेऊन बायका घरी जायच्या आणि त्या घरांत पुढचे कितीतरी दिवस आमटीत कूट असायचं. अंगणात शेंगा वाळत असायच्या. वेलाचा पाला जनावरांना. पेंड पण घरचीच, कारण तेल घाण्यावर काढून आणायचे. अडीच किलो दाण्यांना साधारण लिटरभर तेल, हा हिशेब मला सासूबाईंनी शिकवला.

मग भुईमूग गेला आणि सोयाबीन आलं. कुणी जबरदस्ती केली नाही. बियाणं महाग, एकरी पुष्कळ लागतं. तोडणीला बायका मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. सोयाबीन मशीनमधून एका दिवसात मोकळं होतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रानडुकरं. शेंग भरली की कळप रात्रीत सरीच्या सरी उकरून टाकतो. आबांनी शेवटचा भुईमूग केला त्या वर्षी आठ रात्री माळ्यावर जागून काढल्या, नवव्या रात्री ताप आला म्हणून घरी झोपले आणि सकाळी रानात फक्त खड्डे होते. पंचनामा झाला. भरपाई आली, ती बियाण्याच्या खर्चाएवढीही नव्हती. त्यानंतर त्यांनी भुईमूग हे नाव काढलं नाही.

हे सगळं आमच्या घरातलं. पण असं हजारो घरांत झालं की देशाचा हिशेब बदलतो. आज भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, वर्षाला सुमारे १६० लाख टन. त्यात पामचा वाटा मोठा, तो येतो इंडोनेशिया आणि मलेशियातून. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात जेमतेम तीन आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या किराणा दुकानात काय भाव झाले होते ते आठवा.

नेहमी असं नव्हतं. १९८६ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी मिशन काढलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. पिवळी क्रांती म्हणायचे तिला. १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्क लावून खुली झाली आणि १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आलं. पुढचं तुम्ही-आम्ही बघितलंच.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लबाडी होईल. पाम तेल स्वस्त आहे म्हणून गरिबाच्या घरी सणाला कढई चढते. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' दिला, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पाम तेल. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी त्याच तेलात चकल्या तळल्या आणि त्या चकल्या मीही खाल्ल्या. एका हेक्टरात पाम जेवढं तेल देतो त्याच्या जवळपासही भुईमूग जात नाही. तेव्हा पामला शिव्या घालून काही होणार नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केलं. चांगलं केलं. शेतकऱ्याला वाटलं, आता तेलबियांना भाव येईल. तरीही त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात माल त्याखाली गेला, हे कराडच्या मार्केट यार्डात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मग ३० मे २०२५ ला तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं. ३० मे ही तारीख बघा. आपण जूनच्या पेरणीसाठी बियाणं घेतो ते हेच दिवस. शहरातल्या गिऱ्हाईकाला तेल स्वस्त मिळावं हे मला मान्य आहे, मीही तेल विकतच घेते. पण पेरणीच्या तोंडावर भावाचा पायाच हलवला तर शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर तेलबी पेरायची? २०२५-२६ च्या हंगामात भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये होता. कागदावर तो सोयाबीनच्या ५,३२८ पेक्षा कितीतरी चांगला. पण तो भाव द्यायला खरेदी केंद्र जवळ नसेल आणि डुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाला मदत नसेल, तर तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. बघायचा आणि पान उलटायचं.

असो. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात होतं आणि लेबल कोरं होतं.

मी ठरवलं, आधी वडीच दुरुस्त करायची. तीन वेळा केली, तिसऱ्यांदा जमली. कशी ते सांगते, कारण अर्ध्या जणी इथवर त्याच्यासाठीच वाचत आल्या असणार.

शेंगदाणे साडेसहाशे ग्रॅम. आधी निवडायचे, सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकायचे. यात आळस नको. मंद आचेवर खमंग भाजायचे, गार करायचे, चोळून साली पाखडायच्या. मग मिक्सरला लावायचे. आधी कूट होतं. मग गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो. इथे सगळ्या घाबरतात आणि तेल ओततात. ओतू नका. भांडं उघडा, चमच्याने खाली लोटा, मोटर गार होऊ द्या, परत फिरवा. आठ-दहा मिनिटांत दाणा स्वतःचं तेल सोडतो आणि सरसरीत होतो. चिमूट-दोन चिमटी मीठ. हे झालं पीनट बटर. यात कुठलंच वरचं तेल लागत नाही.

बिस्किटांऐवजी पातळ पोहे दीडशे ग्रॅम, कोरडे भाजून भरड केलेले. कुरकुरीत लागतात. पिठीसाखरेऐवजी गुळाची पावडर दीडशे ग्रॅम, कोरडीच हवी, ओलसर गूळ नको. कोको पावडर पंचवीस ग्रॅम. सगळं कालवून ताटात दाबून थापायचं. दाणे ताजे आणि नीट वाटलेले असले तर बटरही लागत नाही.

वरच्या थराला खरं चॉकलेट, पण तीनशेऐवजी दीडशे ग्रॅम. खालच्या पातेल्यात पाणी गरम करून वर कोरडा वाडगा ठेवून वितळवा. पाण्याचा एक थेंब आत पडला तर चॉकलेट रव्यासारखं होऊन बसतं, माझं पहिल्यांदा तेच झालं. त्यात दोन चमचे शेंगदाण्याचं बटर मिसळा, म्हणजे कापताना थर तडकत नाही. पातळ पसरा. दोन तास फ्रीजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मगच कापा.

माल झाला ३३७ रुपयांचा. वडी नऊ रुपये छत्तीस पैसे. गॅस-कागद धरून अकराच्या आत. पंधरा रुपयाला विकली तर वडीमागे चार रुपये सुटतात.

बैठकीत हे सांगितलं तर आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाली भांडणं. एक वहिनी म्हणाल्या, "ताई, हीच वडी कंपाउंडनं केली तर साडेपाचात पडेल. दहाला विकू. पंधराला कोण घेतंय? आणि नाव चॉकलेटच ठेवा, वाचतंय कोण?" त्या वाईट बाई नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यांच्या डोक्यावर आहे आणि दिवाळीच्या विक्रीवर तो अवलंबून आहे. मी त्यांना नीतिमत्ता शिकवणारी कोण? माझ्या घरात पगार येतो.

मी एवढंच म्हटलं, "वहिनी, तुमच्या नातवाला कोणती द्याल?"

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन्ही करू. पण दोन्हींवर खरं लिहू."

तसंच ठरलं. दहाच्या वडीचं नाव 'कोको-शेंगदाणा वडी', घटकांत 'कंपाउंड' आणि 'वनस्पती फॅट' असं मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत. पंधराच्या वडीचं नाव 'शेंगदाणा-चॉकलेट वडी'. दोन्हींत शेंगदाणा आमच्याच तालुक्यातला, एका शेतकऱ्याकडून थेट घेतलेला. तो अजून भुईमूग करतो, पण त्यासाठी त्याने दोन वर्षं स्वतःच्या खर्चाने कुंपण घातलंय.

आबांना सांगितलं, वीस घाण्यांना तेरा किलो दाणे लागतील. ते हसले. "तेरा किलोसाठी मी भुईमूग पेरू होय?" बरोबर आहे त्यांचं. माझ्या ओट्यावरून देशाची आयात कमी होत नाही. वडीने शेती वाचत नाही. त्याला खरेदी केंद्र लागतं, कुंपणाला अनुदान लागतं आणि पेरणीच्या आधी न बदलणारं धोरण लागतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा ठराव येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. आमच्या गावातल्यांनी हात वर करायला या, फक्त लाईक करू नका. बाकीच्यांनी आपापल्या गावात मांडा.

पण दोन दिवसांनी आबा विहिरीवर पाणी बघून आले आणि जेवताना सहज म्हणाले, "घराजवळच्या पाच गुंठ्यांत उन्हाळी भुईमूग टाकावा म्हणतो. कुत्रं आहे राखायला." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरी वाढली आणि गप्प बसले.

प्रदर्शन शुक्रवार ते रविवार. आमचा स्टॉल डाव्या हाताला, चकलीवाल्यांच्या रांगेत शेवटचा. दोन्ही वड्या मांडल्यात, आधी लेबल वाचा, मग घ्या. पंधराची वडी घेऊन उन्हात फिरलात तर ती हाताला लागेल. त्याची तक्रार घेऊन येऊ नका, ती तशीच असते.